गोळी पोटात, अंडी अंगणात : कुत्र्यांच्या जंतांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात पिल्लांच्या लसीकरणावर लिहिताना 'लसीच्या आधी जंताचे औषध द्यावे' एवढे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या लेखावर आली नाहीत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे गाळून त्यांतील सात प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही पाच आठवड्यांचे पिल्लू घरी आणले. तिसऱ्या दिवशी त्याने शेवयांसारखे लांब जंत ओकून टाकले. जे पिल्लू कालपर्यंत आईच्या दुधावर होते, त्याच्या पोटात जंत आले कोठून? दुधात बुडवून बिस्किटे दिली, त्या गोडाने हे झाले असेल का? (एक वाचक, पुणे)

बिस्किटांचा यात काहीही दोष नाही. गोड खाल्ल्याने जंत होतात, हा समज आपल्याकडे मुलांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तोच कुत्र्यांनाही लावला जातो. पण जंत अंड्यातून किंवा अळीतून येतो, साखरेतून येत नाही. बिस्किटे बंद करावीत हे खरे, मात्र त्याची कारणे वेगळी आहेत.

तुम्ही पाहिलेला जंत म्हणजे टॉक्सोकारा कॅनिस हा गोल जंत. तो पिवळसर पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता, पूर्ण वाढल्यावर साधारण 10 ते 18 सेंटीमीटर लांब असतो आणि बाहेर पडल्यावर स्प्रिंगसारखे वेटोळे करून पडतो. त्याची युक्ती अशी की मोठ्या कुत्रीच्या पोटात गेलेल्या अंड्यांतील पुष्कळशा अळ्या आतड्यात वाढतच नाहीत. त्या तिच्या स्नायूंमध्ये आणि इतर अवयवांत जाऊन महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. कुत्री गाभण राहिली की गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात त्या जाग्या होतात आणि वारेतून थेट गर्भाच्या यकृतात शिरतात. म्हणजे पिल्लू जन्माला येते तेच जंतांसह. जन्मानंतर या अळ्या फुप्फुसांत जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात मोठ्या होतात. पिल्लू तीन आठवड्यांचे होते तेव्हा त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागलेली असतात. काही अळ्या दुधातूनही येतात, पण मुख्य रस्ता वारेचाच.

म्हणूनच पहिले औषध दुसऱ्या आठवड्यात द्यायचे असते; पिल्लू विकत किंवा दत्तक घेऊन घरी येईपर्यंत थांबायचे नसते. त्यानंतर चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा आणि मग आयुष्यभर निदान दर तीन महिन्यांनी. पिल्लांबरोबर त्यांच्या आईलाही त्याच दिवशी औषध द्यावे, कारण ती पिल्लांना चाटून स्वच्छ करते. नेहमीची गोळी आतड्यातल्या जंतांना मारते, आईच्या स्नायूंत दडलेल्या अळ्यांना नाही. त्यामुळे 'आईला तर दर तीन महिन्यांनी औषध होते' असे विकणाऱ्याने सांगितले, तरी पिल्लाच्या पोटात जंत नसतील अशी खात्री बाळगू नये. तुमच्या पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागणारा असा असेल, तर जंतांचा भार मोठा आहे. अशा वेळी औषधाची मात्रा वजन करूनच ठरवावी लागते, अंदाजाने नाही.

प्रश्न : आमच्या संकुलात सहा-सात भटकी कुत्री आहेत. काही रहिवासी त्यांना खाऊ घालतात, काहींना ती नकोत. लहान मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात त्यांची विष्ठा सापडते. एका मुलाच्या रक्ततपासणीत इओसिनोफिल नावाच्या पेशी फार वाढलेल्या निघाल्या आणि डॉक्टरांनी 'घरी कुत्रा आहे का' असे विचारले. घरी कुत्रा नाही. कुत्र्यांना हात लावू नये, एवढी सूचना पुरेशी आहे का? (संस्थेचे एक पदाधिकारी, ठाणे)

ती सूचना चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. वर सांगितलेल्या गोल जंताची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. पण ताज्या विष्ठेतले अंडे कोणालाही बाधत नाही. त्यात अळी तयार होण्यासाठी उबदार, ओलसर मातीत दोन ते चार आठवडे जावे लागतात. तोवर विष्ठा पावसाने विरघळून दिसेनाशी झालेली असते आणि अंडी मात्र वाळूत शिल्लक असतात. त्यांचे कवच जाड व चिकट असते. फिनेलने ती मरत नाहीत आणि सावलीतल्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. म्हणून कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलापेक्षा, कुत्र्याला कधी हातही न लावलेल्या पण वाळूत खेळून तोंडात बोटे घालणाऱ्या मुलाला धोका अधिक असू शकतो. डॉक्टरांनी विचारायला हवे होते ते 'मूल माती खाते का' हे.

मुलाच्या पोटात गेलेल्या अळीला माणूस हे आपले घर नाही हे कळत नाही. ती वाढू शकत नाही, पण यकृत, फुप्फुसे, क्वचित डोळा यांतून भटकत राहते, आणि शरीर तिच्यावर इओसिनोफिल पेशी सोडते. 1950 साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी, बहुतेक कर्करोगाच्या संशयाने काढून टाकलेल्या मुलांच्या 46 डोळ्यांचे पातळ छेद पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतील 24 डोळ्यांत त्यांना गाठीऐवजी जंताची अळी किंवा तिचे अवशेष सापडले. दोनच वर्षांनी बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या यकृतातील अळी ओळखून या विकाराला 'व्हिसरल लार्व्हा मायग्रन्स', म्हणजे अवयवांत भटकणाऱ्या अळ्यांचा विकार, असे नाव दिले. सगळ्याच मुलांना असे होते असे नाही. बहुतेकांना काही कळतही नाही. मात्र तुम्ही कळवलेल्या मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा न्यावे, वाळूच्या खड्ड्याची गोष्ट त्यांना सांगावी आणि डोळे तपासून घ्यावेत.

आता कुत्र्यांविषयी. त्यांना उचलून दुसरीकडे सोडणे कायद्यात बसत नाही. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, रेबीजची लागण किंवा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळता, पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी, जंतनाशन आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात परत सोडण्यास सांगितले आहे आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात असेही म्हटले आहे. 'जंतनाशन' हा शब्द त्या आदेशात आला याचे मला समाधान वाटले. पण नसबंदीच्या वेळी दिलेली एक गोळी त्या दिवशीचे जंत पाडते, पुढच्या महिन्याचे अडवत नाही. तोच कुत्रा त्याच मातीवर परत येतो आणि काही आठवड्यांत पुन्हा अंडी टाकू लागतो. नसबंदीचा खरा लाभ जंतांच्या बाबतीत वेगळा आहे : पिल्लेच जन्माला आली नाहीत, तर अंड्यांचा सर्वांत मोठा कारखानाच बंद होतो.

वाळूच्या खड्ड्याला रात्री झाकण घालावे. साधी ताडपत्री चालते. आतली वाळू एकदा पूर्ण बदलावी. जे रहिवासी खाऊ घालतात, त्यांनी खेळाच्या जागेपासून दूर एकच ठिकाण ठरवावे आणि दर तीन महिन्यांनी खाण्यातूनच पशुवैद्याने दिलेले औषध द्यावे. हे त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही, कारण कुत्री त्यांच्याच हातून खातात. आणि विष्ठा रोजच्या रोज उचलली जावी. ती उचलायची कोणी, यावर तुमच्या सभेत दोन तास वाद होईल याची मला कल्पना आहे. तो वाद घालावाच. औषधाचा खर्च वाटून घेण्यापेक्षा तो महत्त्वाचा आहे.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ आहोत. वाड्याला राखणीला चार कुत्री असतात. वाटेत मेंढरू मेले किंवा कापले तर आतडी-काळीज कुत्र्यांना टाकतो. कधी काळजात पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी असतात, त्या तर हमखास कुत्र्यांनाच जातात. गावच्या दवाखान्यात सांगितले की त्या टाकू नका, माणसाला रोग होतो. कुत्र्याने खाल्ले तर माणसाला कसे होईल? आणि कुत्री तर धडधाकट दिसतात. (एक वाचक, फलटण तालुका)

कुत्री धडधाकट दिसतात हीच या जंताची खोच आहे. त्याचे नाव एकायनोकॉकस; हा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत. लांबी जेमतेम 2 ते 7 मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी, आणि असे हजारो जंत आतड्यात असले तरी कुत्रा खातो, भुंकतो, राखण करतो. गोल जंतासारखा तो डोळ्यांना दिसत नाही, ओकला जात नाही.

त्याची फेरी समजून घ्यावी. ज्या काळजात (यकृतात) गाठ आहे, ते नीट पाहिलेत तर गाठ काळजात रुतलेली दिसते. चिरली तर आतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येतो, अंड्याच्या पांढऱ्यासारखा एक पातळ पापुद्रा सुटतो आणि भांड्याच्या तळाला बारीक रेतीसारखे काहीतरी बसते. त्या रेतीचा प्रत्येक कण म्हणजे एका जंताचे डोके. कुत्र्याने ती गाठ खाल्ली की प्रत्येक डोके आतड्याला चिकटते आणि साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी टाकू लागते. ती अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यावर, कुत्र्याच्या केसांवर जातात. मेंढीने गवताबरोबर खाल्ली तर तिच्या काळजात पुन्हा गाठ होते. माणसाच्या तोंडात गेली तर माणसाच्या. गोल जंताच्या अंड्यासारखे याला मातीत मुरावे लागत नाही; ते पडल्या क्षणापासून बाधते. ज्या हाताने कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला, त्याच हाताने भाकरी मोडली तर एवढे पुरे.

माणसात दर दहांतील सुमारे सात गाठी यकृतात होतात, दोन फुप्फुसात. गाठ वर्षाला एक-दोन सेंटीमीटर वाढते, कधी त्याहून हळू. त्यामुळे लहानपणी लागलेली बाधा पुष्कळदा तिशी-चाळिशीत, पोटाच्या सोनोग्राफीत सापडते. गाठ आत फुटली तर तीव्र ॲलर्जी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून अशी गाठ निघाल्यास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच उपचार घ्यावेत.

एक भेद मात्र लक्षात असू द्यावा, म्हणजे विनाकारण धास्ती बसणार नाही. आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याला लोंबणारी, पातळ, पाण्याने भरलेली पिशवी, जिच्यात एकच पांढरा ठिपका दिसतो, ती वेगळ्या पट्टकृमीची असते आणि तिच्यापासून माणसाला भीती नाही. तीही कुत्र्यांना टाकू नये, कारण फेरी तीच. मेंढी मान वाकडी करून एकाच अंगाला गोल गोल फिरते आणि काही दिवसांत पडते, हे तुम्ही पाहिले असेल. पुष्कळदा तिच्या मेंदूत अशीच एक पाण्याची पिशवी असते आणि तोही जंत कुत्र्यामार्फतच आलेला असतो. म्हणजे वाड्याच्या कुत्र्याला काळीज टाकल्याने जे वाचते, त्याहून अधिक कळपातून जाते.

जे टाकायचे ते मोठ्या पातेल्यात पाणी उकळू लागल्यावर निदान अर्धा तास शिजवून टाकावे. सरपण नसेल तर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल पुरावे. चारही कुत्र्यांना प्राझिक्वांटेल असलेली गोळी दर सहा आठवड्यांनी द्यावी, म्हणजे नवा जंत अंडी टाकण्याच्या वयाला येण्याआधीच पडेल. गोळी जंत मारते, त्याच्या पोटातली अंडी मारत नाही. म्हणून गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्री बांधून ठेवावीत आणि त्यांची विष्ठा गोळा करून जाळावी. विष्ठा तपासून मग औषध देऊ, असे याबाबतीत म्हणू नये, कारण या जंताचे अंडे आणि इतर साध्या पट्टकृमींचे अंडे सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसतात.

हे फिरत्या माणसाला जमणारे नाही असे कोणी म्हणेल, तर आइसलँड या मेंढपाळांच्याच देशाचे उदाहरण आहे. तिथे हा रोग घरोघर होता. 1863 साली हाराल्ड क्राब्बे हे डॅनिश संशोधक तिथे गेले, त्यांनी कुत्री आणि मेंढ्या तपासून ही फेरी लोकांना समजेल अशा भाषेत एका छोट्या पुस्तिकेत लिहिली आणि ती घरोघर वाटली गेली. प्राझिक्वांटेल तेव्हा नव्हते. कुत्र्यांना कच्ची आतडी-काळीज न देणे, एवढ्यावर मुख्य भर होता, आणि पुढे तो देश या रोगातून मुक्त झाला.

प्रश्न : आमच्या कुत्रीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे काहीतरी हलताना दिसते. गोळी दिली की जाते, महिन्याभराने पुन्हा येते. गोळी बदलावी का? (एक वाचक, नाशिक)

गोळी ठीक आहे, पिसवा राहिल्या आहेत. तो दाणा म्हणजे डिपिलिडियम या पट्टकृमीचा सुटा तुकडा; ताजा असताना लांबतो-आखडतो, वाळला की तिळासारखा पिवळा होऊन अंथरुणाला चिकटतो. त्यातली अंडी पिसवेची अळी खाते, पिसू मोठी होते आणि अंग चावताना कुत्री ती गिळते. पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्रीच्या अंगावर कमी आणि तिच्या गोधडीत, सोफ्याच्या फटींत, फरशीच्या भेगांत अधिक असतात. गोधडी गरम पाण्यात धुवावी, उन्हात टाकावी आणि घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी पिसवांचे औषध लावावे. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्यालाही हा जंत होऊ शकतो. तो साधा असतो आणि उपचाराने जातो. कुत्री ढुंगण फरशीवर घासते ते मात्र प्रत्येक वेळी जंतांमुळे नसते, गुदग्रंथी भरल्यानेही तसे होते.

प्रश्न : दहा फेब्रुवारीला मुलाला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळाली. घरात तशीच एक होती, ती कुत्र्याला दिली तर चालेल का? की लसूण आणि वावडिंग बरे? (एक वाचक, सोलापूर)

नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची ती 400 मिलिग्रॅमची गोळी मुलांच्या जंतांसाठी आहे. कुत्र्यांमध्ये अल्बेंडाझोलने अस्थिमज्जेवर दुष्परिणाम झाल्याचे आढळले आहे आणि गाभण कुत्रीला तर ते देऊच नये. लसूण कुत्र्यांच्या तांबड्या पेशींना घातक असतो. वावडिंगाची योग्य मात्रा कुत्र्यांसाठी कोणी ठरवलेली मला माहीत नाही, आणि तेवढ्यासाठी पिल्लाचा आठवडा वाया घालवू नये. मेंढ्या-गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे हा आणखी एक प्रकार मी वारंवार पाहतो. कॉली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या कुत्र्यांना त्याने मेंदूची बाधा होते.

प्रश्न : आमच्या वाडीवरच्या कुत्रीची पिल्ले दर पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांची होऊन मरतात. शी काळी, डांबरासारखी होते. यंदा माझ्या पायाच्या बोटांमध्ये खाजरी, नागमोडी रेघ उठली आहे आणि ती रोज पुढे सरकते. या दोन्हींचा संबंध आहे का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

बहुधा आहे. पिल्लांना अंकुशकृमी मारतो आहे. तो जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब असतो, आतड्याला दातांनी धरून रक्त पितो आणि जागा बदलताना मागची जखम वाहती सोडतो. ते पचलेले रक्त म्हणजे ती काळी शी. पिल्लाला तो आईच्या दुधातून मिळतो. दहा-बारा दिवसांच्या पिल्लाच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडलेल्या असतात आणि तरीही विष्ठेत अंडे सापडत नाही, कारण जंत अजून अंडी घालण्याच्या वयाला आलेले नसतात. तपासणीत काही निघाले नाही म्हणून थांबलेली पिल्ले हातची जातात. काही जण याला पार्व्हो हा विषाणूचा रोग समजतात. पार्व्होची हगवण बहुधा पातळ, लालसर आणि अतिशय दुर्गंधी असते, शिवाय उलट्या आणि ताप असतो, आणि ती इतक्या लहान वयात सहसा होत नाही.

पुढच्या वेळी कुत्री गाभण आहे असे दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. गर्भारपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून विण्यानंतर चौदा दिवसांपर्यंत रोज फेनबेंडाझोल देण्याची पद्धत आहे, तिने पिल्लांपर्यंत जाणाऱ्या अळ्या पुष्कळ कमी होतात. तिची विण्याची जागा पडवीतल्या ओल्या मातीत न ठेवता कोरड्या, उन्हाच्या कोब्यावर करावी. या अळीला ओल आणि सावली लागते. कडक ऊन तिला सोसत नाही. तुमच्या पायातली रेघ ही कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीच्या अळीची वाट आहे. ती कातडीत शिरली, पण तिला आत उतरता येत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलेले पर्यटक हीच रेघ घेऊन घरी परततात. खाजवून फोडू नये, सुईने अळी काढायचा प्रयत्न करू नये. त्वचारोगतज्ज्ञाच्या औषधाने ती लवकर थांबते. आणि पावसाळ्यात गोठ्याकडे जाताना चपला घालाव्यात.

प्रश्न : कुत्र्याला तीन महिन्यांनी गोळी देतो, पण शौचातून एकही जंत पडत नाही. पैसे वाया जातात असे वाटते. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

प्राझिक्वांटेलने मेलेला पट्टकृमी आतड्यातच पचून जातो, त्यामुळे न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. शंका असेल तर गोळीच्या आधी विष्ठा तपासून घ्यावी. ही तपासणी फार स्वस्त आहे आणि फार कमी लोक करून घेतात. चिमूटभर विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून चहाच्या गाळणीने गाळतात, परीक्षानळी काठोकाठ भरतात आणि वर काचेची चकती टेकवून पंधरा मिनिटे ठेवतात. जंतांची अंडी हलकी असल्याने वर येऊन चकतीला चिकटतात. गोल जंताचे अंडे काळसर तपकिरी, चेंडूसारखे, खडबडीत कवचाचे. अंकुशकृमीचे पातळ कवचाचे, आत द्राक्षांचा लहान घोस असावा तशा पेशी. चाबूककृमीचे दोन्ही टोकांना बुचे असलेल्या पिंपासारखे. एकदा एका लॅब्रेडॉरच्या नमुन्यात मला मांजराच्या जंतांची अंडी दिसली. मालकाने कुत्र्यावर नजर ठेवली, तेव्हा तो रोज सकाळी शेजारच्या मांजराची विष्ठा खाताना सापडला.

पट्टकृमीची अंडी या पद्धतीत पुष्कळदा निसटतात आणि चाबूककृमी बाधेनंतर जवळजवळ तीन महिने अंडीच टाकत नाही, हे ध्यानात घेऊन तपासणी वर्षातून निदान दोनदा करावी. नमुना त्याच दिवशीचा, सुपारीएवढा, घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत आणावा. कालपासून गवतावर पडलेली विष्ठा आणू नये. त्यात मातीतल्या निरुपद्रवी किड्यांची अंडी मिसळतात आणि नवखा तपासनीस फसतो. डबीवर कुत्र्याचे नाव, वय आणि शेवटचे औषध कधी दिले ती तारीख लिहावी.